निळं झाकण का वाकलं? श्रिंकेज-वॉरपेजच्या (आकसणं-वाकणं) सिम्युलेशनआधी दाणा मोजायचा कसा

कुपवाड एमआयडीसीत आम्ही फवारणी पंपाच्या टाकीचं झाकण पॉलिप्रॉपिलीनमध्ये (पीपी) इंजेक्शन मोल्डिंगने काढायचो. पांढरं झाकण सरफेस प्लेटवर ठेवलं की चारही कोपरे टेकायचे. पुढच्या ऑर्डरला गिऱ्हाइकाने निळा रंग मागितला. साचा तोच, मशीन तेच, दाणा (कच्चं प्लॅस्टिक) त्याच ग्रेडचा, फक्त मास्टरबॅच, म्हणजे दाण्यात मिसळायचा घट्ट रंग, नवा. आणि झाकण होडीसारखं उचललं. साचा भरणं, आकसणं, वाकणं संगणकावर आधीच करून दाखवणाऱ्या सिम्युलेशनला विचारलं, तर त्याच्या मते सगळं सपाट होतं. असणारच. रंग बदललाय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. खरं तर त्याच्याकडे पांढऱ्या दाण्याचीही माहिती नव्हती. आम्ही ‘जवळपास सारखी’ म्हणून तिसऱ्याच कंपनीच्या ग्रेडची फाइल लावली होती.

निळ्या मास्टरबॅचमध्ये बहुतेकदा फ्थॅलोसायनीन रंगद्रव्य असतं. ते पॉलिप्रॉपिलीन आणि एचडीपीईमध्ये नुसता रंग देत नाही, स्फटिक धरायला बीही पुरवतं. दाणा जरा वरच्या तापमानालाच गोठायला लागतो, स्फटिकांची रचना बदलते आणि प्रवाहाच्या दिशेत व आडव्या दिशेत आकसण्यातला हिशोब बिघडतो. द्राक्षाचे निळे-हिरवे क्रेट काढणाऱ्या मोल्डरला हे शास्त्र माहीत नसलं तरी त्याचा अनुभव असतोच.

तेव्हा साचे बनवणारे टूलरूमवाले साच्याला उलटा बाक द्यायला निघाले होते. साचा घासण्याआधी दाणा मोजायला हवा होता. तो कसा मोजायचा, कुठलं काम शॉपवर होतं आणि कुठलं बाहेर पाठवावं लागतं, हे इथे क्रमाने सांगतो.

आधी फाइल उघडा

सॉफ्टवेअर मोल्डफ्लो असो, मोल्डेक्स३डी असो की आणखी कुठलं, मटेरियल निवडून थेट ‘रन’ दाबायची सवय मोडा. फाइल उघडा आणि प्रत्येक गुणधर्म कुठून आला ते वाचा: मोजलेला, उत्पादकाने दिलेला, की त्या कुळाचा सरसकट अंदाज. मोल्डफ्लोमध्ये फिलिंग (साचा भरणं), पॅकिंग (भरल्यावर दाबाने आणखी दाणा रेटणं) आणि वॉरपेज यांसाठी वेगवेगळे दर्जे दाखवतात: सुवर्ण, रौप्य, कांस्य. एकाच दाण्याला फिलिंगचं सुवर्ण आणि वॉरपेजचं कांस्य मिळालेलं सर्रास दिसतं. अशी फाइल शॉर्ट शॉट (अर्धवट भरलेला भाग) होईल का ते नीट सांगेल. झाकण वाकेल का हे तिला विचारू नये.

चाचणीची तारीखही बघा. ग्रेडचं नाव तेच राहतं, पण प्लँटमध्ये कॅटलिस्ट किंवा न्यूक्लिएटर (स्फटिकांना बी पुरवणारा घटक) बदललेला असू शकतो.

वाक म्हणजे वजाबाकी

भाग सगळीकडे आणि सगळ्या दिशांनी सारखाच आकसला, तर तो लहान होतो, वाकत नाही. वाक येतो फरकातून. गेटजवळ, म्हणजे दाणा साच्यात शिरतो त्या तोंडाजवळ, दाब जास्त लागतो, टोकाला कमी पोचतो. कोअर (साच्याची आतली बाजू) गरम राहतो, कॅव्हिटी (बाहेरची बाजू) थंड. काच मिसळलेल्या दाण्यात काचतंतू प्रवाहाच्या दिशेने झोपतात, त्यामुळे त्या दिशेत आकसणं कमी आणि आडवं जास्त.

आता ३० टक्के काचेचा नायलॉन ६६ घ्या. प्रवाहाच्या दिशेत समजा ०.३५ टक्के आकसतो, आडव्या दिशेत ०.९५. फरक ०.६०. दोन्ही आकड्यांत ०.१० ची चूक असेल आणि ती उलटसुलट दिशेला असेल, तर फरकात ०.२० ची चूक होते, म्हणजे तिसरा हिस्सा. भागाच्या मापात ही चूक टॉलरन्समध्ये पचून जाते. वाकण्याच्या उत्तरात नाही पचत. म्हणून ‘श्रिंकेज साधारण बरोबर येतंय ना, मग झालं’ हे मला पटत नाही.

दाणा कुठला, किती कोरडा

सगळ्या चाचण्या एकाच लॉटच्या दाण्यावर करा. सप्लायरकडून पंचवीस किलोची एक अख्खी बॅग बाजूला काढा आणि लॉट नंबर लिहा. मास्टरबॅच प्रॉडक्शनमध्ये दोन टक्के घालत असाल तर चाचणीलाही दोनच टक्के. रीग्राइंड (दळून परत वापरलेला दाणा) चालवत असाल तर तेही त्याच प्रमाणात, कारण काचेच्या दाण्यात प्रत्येक फेरीला तंतू तुटतात आणि दोन दिशांमधला फरक बदलतो. नुसत्या कोऱ्या दाण्याची चाचणी करून रीग्राइंडवाला भाग सिम्युलेट करू नका.

काचेचा दाणा असेल तर राख काढून बघा. तोललेला नमुना मफल भट्टीत ६०० अंशांच्या आसपास पूर्ण जाळायचा आणि उरलेलं तोलायचं. बॅगवर ३० लिहिलेलं असताना किती निघतं ते कळतं. चाचणी स्वस्त आहे आणि अधूनमधून धक्का देते.

ओलाव्याचं प्रकरण आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये जोर धरतं. कृष्णेला पाणी चढतं त्या दिवसांत साधा हॉपर ड्रायर बाहेरची ओली हवाच तापवून दाण्यावर सोडतो. नायलॉनला डीह्युमिडिफाइंग ड्रायर लागतो आणि ओलावा ०.२ टक्क्यांच्या खाली हवा. पीबीटी आणि पॉलिकार्बोनेटला तर ०.०२ टक्क्यांच्या घरात. ‘चार तास वाळवलाय’ हे माप नव्हे. मॉइश्चर ॲनालायझर किंवा कार्ल फिशर चाचणीचा आकडा घ्या. ओल्या दाण्याची साखळी बॅरलमध्ये तुटते, तो पातळ होतो, दाब जास्त पोचवतो आणि तुमचं सगळं मोजमाप दुसऱ्याच पदार्थाचं ठरतं.

प्लेटची चाचणी: हे काम तुमच्याच मशीनवर

बजेट एकाच चाचणीपुरतं असेल तर मी हीच करेन. आयएसओ २९४-४ मध्ये ६० × ६० × २ मि.मी.ची प्लेट आकसणं मोजण्यासाठी ठरवलेली आहे. एका कडेला रुंद फिल्म गेट असतं, त्यामुळे दाणा एका आघाडीने सरळ पुढे जातो. प्रवाहाची आणि आडवी दिशा स्पष्ट वेगळी मिळते. साच्याचं काम कुपवाड-मिरजेच्या कुठल्याही बऱ्या टूलरूमला जमेल. तुमचा भाग ३ मि.मी. जाडीचा असेल तर ३ मि.मी.चा इन्सर्टही त्याच वेळी करून घ्या. जाडी बदलली की थंड व्हायचा वेळ बदलतो आणि आकसणं बदलतं. २ मि.मी.चा आकडा ३ मि.मी.च्या भागाला चिकटवणं ही अंदाजपंचे सवय आहे.

कॅव्हिटीच्या पृष्ठभागावर बारीक रेघा कोरून घ्या, दोन प्रवाहाच्या दिशेत अंतर मोजायला आणि दोन आडव्या. प्लेटवर त्या उमटतात. कडेपासून कडेपर्यंत मोजलं तर ड्राफ्ट (कडेचा उतार) आणि फ्लॅश (कडेला आलेला पातळ पापुद्रा) मध्ये येतात. साच्यातल्या रेघांचं अंतर साचा २३ अंशांवर असताना मोजून लिहून ठेवा. पुढे सगळा हिशोब त्यावरच:

आकसणं टक्क्यांत = (साच्यातलं अंतर − प्लेटवरचं अंतर) ÷ साच्यातलं अंतर × १००

कशाने मोजायचं? ६० मि.मी.वर ०.३ टक्के म्हणजे ०.१८ मि.मी. नेहमीच्या व्हर्नियरची लीस्ट काउंटच ०.०२. म्हणजे जे मोजायचंय त्यातला जवळजवळ नववा हिस्सा उपकरणानेच गिळला. साध्या पीपीला, जिथे एक ते अडीच टक्के आकसणं असतं, तिथे व्हर्नियर एकवेळ चालेल. काचेच्या दाण्याला प्रोफाइल प्रोजेक्टर किंवा व्हिजन मशीनच हवं.

मशीनवर बसण्याआधी चार गोष्टी खऱ्या मोजा, पॅनलवरच्या नव्हे.

वितळलेल्या दाण्याचं तापमान: नोझल मागे घेऊन पर्ज करा (वितळलेला दाणा बाहेर सोडा) आणि आधी गरम केलेली सुई त्या गोळ्यात फिरवत ठेवा. बॅरलच्या सेटिंगपेक्षा १०-२० अंशांचा फरक सहज येतो.

साच्याचं तापमान: चिलरचा किंवा टेम्परेचर कंट्रोलरचा आकडा पाण्याचा असतो. वीस-पंचवीस शॉट पडून साचा स्थिरावला की मशीन थांबवून लगेच कोअरला आणि कॅव्हिटीला कॉन्टॅक्ट प्रोब लावा. दोन्ही वेगळे लिहा, कारण प्लेटचा आणि पुढे भागाचा बाक त्या फरकातूनही येतो.

दाब: इथे बरेच जण घसरतात. जुन्या हायड्रॉलिक मशीनचा पॅनल तेलाचा दाब दाखवतो, दाण्याचा नाही. स्क्रूचं गुणोत्तर (दाण्यावरचा दाब भागिले तेलाचा दाब) १० असेल तर तेलाचे ६० बार म्हणजे दाण्यावर ६०० बार, म्हणजे ६० मेगापास्कल. सिम्युलेशनमध्ये ६० बार भरले की पॅकिंग जवळजवळ बंदच केल्यासारखं होतं, आणि मग आपण सॉफ्टवेअरला नावं ठेवतो. मशीनच्या पुस्तकातून आधी गुणोत्तर शोधा. कॅव्हिटीत प्रेशर सेन्सर बसवता आला तर उत्तमच.

गेट कधी गोठतं: होल्डिंग टाइम (पॅकिंगचा दाब धरून ठेवायचा वेळ) एकेक सेकंदाने वाढवत प्रत्येक वेळी प्लेट ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर तोला. वजन वाढायचं थांबलं की गेट गोठलं. सगळ्या चाचण्या त्याहून एक-दोन सेकंद जास्त होल्डिंगवर करा, नाहीतर दाणा उलटा बाहेर येतो आणि आकडे वाऱ्यावर जातात.

आता खरी चाचणी. मधली एक स्थिती पायाभूत धरा. मग एका वेळी एकच गोष्ट बदला: होल्डिंगचा दाब ३०, ४५, ६० मेगापास्कल, दाण्याचं तापमान दोन पातळ्यांवर, साच्याचं तापमान दोन पातळ्यांवर, जमलं तर इंजेक्शनचा वेगही. प्रत्येक स्थितीत सुरुवातीचे पंधरा-वीस शॉट टाकून द्या आणि पुढच्या पाच प्लेटा ठेवा. गेटची बाजू मार्करने लिहा. संध्याकाळी दिशा आठवत नाही, हे अनुभवाने सांगतो.

प्लेटा एकावर एक रचू नका, लोखंडी टेबलावरही नको. पुठ्ठ्यावर सुट्या ठेवा. आयएसओच्या पद्धतीत त्या २३ अंशांवर ठेवून १६ ते २४ तासांच्या दरम्यान मोजायच्या असतात. नायलॉनच्या प्लेटा लगेच ॲल्युमिनियमच्या पाउचमध्ये सील करा. पावसाळ्यात आठवडाभर उघड्या राहिल्या तर ओलावा पिऊन त्या फुगतात आणि आकसणं खोटंच कमी दिसतं.

२३ अंशांचा आग्रह का, हे एप्रिलमध्ये आमच्या शेडमध्ये आल्यावर कळेल. २०० मि.मी.चा पीपीचा भाग ३८ अंशांवर मोजला तर, दर अंशाला दहा लाखात १२० भाग हा प्रसरणांक धरून, तो ०.३६ मि.मी. मोठा दिसतो. ही चूक पॅकिंगमधल्या बदलाच्या तोडीची आहे. एसी खोली नसेल तर निदान पहाटेच्या पाळीला मोजा, तापमान लिहा आणि हिशोबाने दुरुस्त करा.

बाहेरून करून घ्यायच्या चाचण्या

पीव्हीटी सगळ्यात महत्त्वाची. दाब, आकारमान आणि तापमान यांचा संबंध. पीपीचं एक ग्रॅम खोलीच्या तापमानाला साधारण १.१ घन सें.मी. जागा घेतं, २३० अंशांवर वितळल्यावर सुमारे १.३३. म्हणजे सुमारे सतरा टक्के आकारमान परत आवळलं जाणार. त्यातलं किती पॅकिंगच्या दाबाने भरून काढता येईल, याचं उत्तर पीव्हीटीच्या रेघांत असतं. सिम्युलेशन या रेघा दोन भागांच्या टेट समीकरणाने वापरतं. त्यात १३ सहगुणक असतात. फक्त ते १३ आकडे घेऊन गप्प बसू नका, मोजलेले कच्चे बिंदूही मागा. मग एक सोपी पडताळणी करता येते: समीकरणात २३ अंश आणि वातावरणाचा दाब घाला, येणारं आकारमान प्लेटच्या घनतेच्या व्यस्ताशी जुळलं पाहिजे. घनता तुम्ही बुडवून-तोलून शॉपवरच काढू शकता. पीपी पाण्यावर तरंगतं, म्हणून खाली वजन अडकवा किंवा अल्कोहोल वापरा. इथेच मेळ बसला नाही तर रिपोर्ट परत पाठवा.

पीव्हीटीची एक मर्यादा ठाऊक असू द्या. प्रयोगशाळेत दाणा मिनिटाला काही अंशांनी थंड करतात. साच्याच्या भिंतीला टेकलेला थर त्याच्या कितीतरी पट वेगाने थंड होतो. एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटसारख्या अस्फटिक दाण्याला याचा त्रास कमी. पीपी, नायलॉन, पीबीटी, अॅसिटल यांना जास्त, कारण घाईत थंड होताना स्फटिक खालच्या तापमानाला आणि कमी प्रमाणात धरतात. ही तूट प्लेटच्या चाचणीनेच भरून निघते. मोल्डफ्लोमधलं ‘करेक्टेड रेसिड्युअल इन-मोल्ड स्ट्रेस’ मॉडेल नेमकं हेच करतं: वेगवेगळ्या जाडीच्या आणि सेटिंगच्या प्लेटांचं मोजलेलं आकसणं घेऊन हिशोबातला ताण दुरुस्त करतं. प्रयोगशाळेला तुमचं सॉफ्टवेअर, आवृत्ती आणि मेशचा (हिशोबासाठी मॉडेलचे पाडलेले बारीक तुकडे) प्रकार आधीच सांगा, म्हणजे योग्य फाइल मिळेल.

डीएससी, म्हणजे तापवताना-थंड करताना दाणा किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणं, ही छोटी आणि स्वस्त चाचणी, पण रंगाच्या भानगडीत हिला तोड नाही. नुसतं तापवून वितळबिंदू घेऊ नका, थंड होतानाची रेघ मागा, तीही दोन-तीन वेगांवर. निळ्या झाकणाचा छडा इथेच लागला. मिनिटाला दहा अंशांनी थंड करताना साध्या पीपीचा स्फटिक धरण्याचा शिखरबिंदू ११०-११५ अंशांच्या आसपास असतो. निळ्याचा १२० च्या वर निघाला. पांढऱ्या-निळ्याच्या दोन रेघा शेजारी ठेवल्यावर टूलरूममधला वाद संपला.

व्हिस्कॉसिटीसाठी (वितळलेला दाणा किती घट्ट वाहतो) कॅपिलरी रिओमीटरची चाचणी, तीन तापमानांवर, दोन लांबींच्या डाय वापरून, म्हणजे तोंडाशी वाया जाणारा दाब वजा करता येतो. त्यातून क्रॉस-डब्ल्यूएलएफ या व्हिस्कॉसिटीच्या समीकरणाचे सहगुणक निघतात. एमएफआयवर (मेल्ट फ्लो इंडेक्स) भागत नाही. पीपीचा एमएफआय २३० अंशांना २.१६ किलोच्या वजनाखाली, संथ प्रवाहात मोजतात. गेटमध्ये प्रवाहाचा वेग त्याच्या कित्येक पट असतो. वाकण्याशी याचा संबंध दाबामार्फत: टोकाला किती दाब पोचतो ते व्हिस्कॉसिटी ठरवते.

उष्णतावहन आणि विशिष्ट उष्मा बहुतेक पॅकेजमध्ये येतातच. वितळलेल्या अवस्थेतला आकडा आहे ना, एवढं बघा.

प्रसरणांक आणि मॉड्युलस (ताठपणा) मात्र काचेच्या दाण्यासाठी दोन्ही दिशांत हवेत. मोल्ड केलेल्या प्लेटमधूनच पट्ट्या कापायच्या, काही प्रवाहाच्या दिशेत, काही आडव्या. डेटाशीटवरचा मॉड्युलस डंबेलचा (ताणचाचणीसाठी मोल्ड केलेल्या पट्टीचा) असतो आणि डंबेलमध्ये जवळजवळ सगळे तंतू लांबीत झोपलेले असतात. तो आकडा दोन्ही दिशांना लावला तर भाग कागदावर फार ताठ होतो. या ताणचाचणीला आपल्या भागातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत, विश्रामबागेतलं वालचंद असो की कराडचं शासकीय, विचारून बघायला हरकत नाही. फक्त लोडसेल (ओढण्याचं बल मोजणारा भाग) केवढा आहे ते विचारा. सळई ओढायच्या मोठ्या मशीनवर दोन मि.मी.ची प्लॅस्टिकची पट्टी म्हणजे उसाच्या वजनकाट्यावर हळद तोलणं. लहान लोडसेल आणि एक्स्टेन्सोमीटर (पट्टी किती ताणली ते मोजणारं उपकरण) हवाच.

सॉफ्टवेअरमध्ये आधी प्लेट, मग भाग

नवी फाइल आली की हात भागाकडे जातो. थांबवा. आधी प्लेटचंच मॉडेल करा, गेट-रनरसकट, आणि मशीनवर मोजलेली खरी तापमानं व दाब घाला. प्लेटच्या दोन्ही दिशांचं आकसणं जुळतंय का बघा. दाब वाढवल्यावर मोजलेलं जितकं कमी झालं, तितकंच हिशोबातही कमी होतंय का, हे त्याहून महत्त्वाचं. एका बिंदूवर उत्तर योगायोगानेही जुळतं. उतार जुळला तर विश्वास ठेवा.

तुम्ही सात-आठ स्थिती मोजल्या असतील तर त्यातल्या एक-दोन बाजूला झाकून ठेवा, फाइल बसवताना वापरू नका. शेवटी त्यांचं भाकीत करून बघा.

या पायरीमुळे भांडण कुठे शोधायचं ते कळतं. प्लेट जुळत नसेल तर दाण्याच्या माहितीत किंवा तुमच्या मोजलेल्या दाब-तापमानात खोट आहे. प्लेट जुळते पण भाग जुळत नाही, तर दाण्याला सोडा आणि कूलिंग चॅनेल, कोअर-कॅव्हिटीतला फरक, मेश, गेटची जागा, इजेक्शन तपासा. भागाचं उत्तर जुळेपर्यंत टेटचे सहगुणक हाताने पिळणारे लोक मी पाहिलेत. त्या भागापुरतं चित्र छान दिसतं, आणि पुढच्या साच्याला तीच फाइल तोंडावर पाडते.

भागाचा बाक मोजताना त्याला क्लॅम्प लावू नका, दाबून मोजलेलं झाकण सपाटच दिसणार. तीन टेकूंवर मोकळं ठेवा, उरलेल्या जागा सीएमएम (बिंदू-बिंदू मोजणारं मापनयंत्र) किंवा डायलने घ्या. सिम्युलेशनच्या चित्रातही तेच तीन बिंदू आधार म्हणून निवडा. नाहीतर दोन बरोबर उत्तरं एकमेकांशी भांडत बसतात.

निळ्या झाकणाचं पुढे असं झालं. निळ्या दाण्याची फाइल लावल्यावर प्लेट जुळली आणि झाकणाच्या चित्रात तेच दोन कोपरे उचललेले दिसले. होल्डिंग आणि साच्याचं तापमान बदलून सिम्युलेशनमध्ये बाक कमी होत होता, पण टॉलरन्समध्ये येत नव्हता, म्हणून मशीनवर तो खटाटोप केलाच नाही. मास्टरबॅचवाल्याकडे अल्ट्रामरीन निळ्याचा नमुना मागितला. हे रंगद्रव्य स्फटिकांना बी पुरवत नाही. छटा किंचित जांभळट आली, गिऱ्हाइकाने ती पास केली आणि साच्याला हात लावावा लागला नाही. आता आमच्या फाइलींच्या नावात ग्रेडच्या पुढे मास्टरबॅचचा नंबर, टक्केवारी आणि लॉट असतो, आणि प्रत्येक लॉटचा अर्धा किलो दाणा सीलबंद पाउचमध्ये कपाटात पडून असतो.